ऐनाखालची माती

"आता हे सांगितलं तर कुणाच्या बापाला पटायचं न्हाई," कोंडाजी म्हणाला, आणि पटणारच याची पक्की खात्री असल्यासारखा थांबून त्याने तंबाखूची चिमूट ओठाखाली सरकवली. "पर मी मेलेला माणूस हाय. तुमच्याफुडं बसलाय त्यो मेल्यावरचा."

ऐनाच्या झाडाभोवतीची शंभर-सव्वाशे माणसं सरसावून बसली.

आंदर मावळातल्या ऐनवाडीला एसटी दिवसातून दोनदा येते, त्यातली एक फक्त वेळापत्रकात. पण रविवारी ओढ्याकाठच्या मोकळ्या खाचरात जिपा आणि मोटारसायकली मावत नसत. लोणावळ्याला फिरायला आलेल्या पाहुण्यांची एखादी पांढरी गाडीसुद्धा वाट चुकल्यासारखी येऊन उभी राही. कुणाचं पोर पाळण्यातून पडलेलं, कुणाची सासू न्हाणीत घसरलेली, कुणी गाडीवरून आपटल्यापासून डोकं धरून बसलेला. सगळे एकाच मातीसाठी आलेले.

"पंचवीस वर्सं झाली," कोंडाजीने सुरुवात केली. "लोणावळ्यास्नं चालत घरला येत व्हतो. पहाटची येळ. आन् हितं, ह्याच जागंवर, बिबट्या! म्हशीएवढा!"

"मागच्या रविवारी रेड्याएवढा व्हता, आबा," कुणीतरी मागून म्हणालं.

"आठ दिसांत वाळला असंल, बाबा. त्याला कोण घालतंय खायाला?"

लोक खदखदून हसले. कोंडाजीचं हेच तर होतं. सत्तरी उलटली तरी जीभ विशीतली.

"चढलो ऐनावर. चाळीस हात. फांदी मोडली आन् आलो खाली, डोक्यावर. कवटी फुटली नारळावाणी. मेलो! मरताना हात मातीत गेला, त्योच कपाळाला लागला, आन् उठलो की ताडकन! सुई न्हाई, डागदर न्हाई, दवाखान्याची पायरी न्हाई!"

मग त्याने नेहमीप्रमाणे डोक्यावरची टोपी दोन बोटं वर सारली. कपाळाच्या कडेला पांढऱ्या वणाचं टोक दिसलं. दोनच बोटं. त्याहून जास्त ती टोपी कधी सरकत नसे.

यापुढचं काम बजरंगबुवाचं. हा बुवा चार वर्षांपूर्वी खालून कुठून तरी आला. त्याआधी तो मोबाइलची कव्हरं विकायचा असं म्हणत. लहरींविषयीचं त्याचं ज्ञान बहुधा तिथलंच असावं.

"ही माती न्हाई, मृत्तिका हाय!" बुवा ओट्यावर उभा राहून गरजला. "हिच्यात लोह. लोहात चुंबक. चुंबकात लहरी. आन् तुमच्या मेंदूत काय? लहरीच! लहरीला लहर भेटली की मेंदू गपकन जाग्यावर! नियम येकच. लावल्यापास्नं दिस मावळस्तोवर माती पुसायची न्हाई, जागा सोडायची न्हाई. पुसली, तर जबाबदारी तुमची."

मातीच्या लाल पुड्या पंचक्रोशीत पसरल्या होत्या. पोरं त्या गाडीच्या हँडलला बांधत आणि हेल्मेट घरी खुंटीला टांगत. भाताच्या रोपांची जागा भाजायला, म्हणजे राबाला, ऐनाची टहाळं तोडायचे ते दिवस. पूर्वी झाडावर चढणारा गडी कमरेला दोर बांधून तो वरच्या फांदीला अडकवायचा. आता दोराच्या जागी कमरेला पुडी असे. पुडी हलकी, दोर जड.

कोंडाजी हे सगळं बघत होता. आपली एक थाप एवढी पिकेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. पण रविवारी शंभर माणसं आपल्या तोंडाकडे बघतात, ही चव काही सुटत नव्हती.

तेवढ्यात बांधाकडून आरडाओरडा आला.

"पडला! सत्यम पडला!"

चार जण हातपाय धरून झुंबरबाईच्या सत्यमला आणत होते. त्याची मान खाली लोंबत होती. पंचविशीतलं पोरगं, तळेगावला कंपनीत कामाला, सुट्टीचं टहाळं तोडायला झाडावर चढलेलं. कमरेची लाल पुडी जागच्या जागी होती.

झुंबरबाई मागून धावत आली, पण तिने हंबरडा फोडला नाही. तिने पोराला ओट्यावर ठेवायला लावलं आणि बुवाला म्हणाली, "लावा. लगीच लावा."

बुवाने ओली माती कपाळावर थापली, डोळे मिटले, ओठ हलवले. दोन-तीन मिनिटं गेली. सत्यमच्या पापण्या हलल्या. त्याने इकडंतिकडं बघितलं.

"आये... पानी."

जो गलका उठला तो पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आला. टाळ्या, शिट्ट्या, मोबाइल वर झालेले. बुवाने दोन्ही हात पसरले, जणू पोरगं त्यानेच नुकतं घडवलं होतं.

कोंडाजीचे हात मात्र मांडीवरच राहिले.

दोन वर्षांपूर्वी याच ओट्यावर सत्यमचा थोरला भाऊ हनुमंत असाच उठून बसला होता. गाडीवरून पडलेला, हेल्मेट खुंटीला. त्यानेही डोळे उघडले, चहा मागितला, लोकांनी अशाच टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, दोनदा उलटी झाली, मग गुंगी. "दमलाय, झोपू द्या," सगळे म्हणाले. सकाळी तो उठला नाही.

तेव्हा बुवाने झुंबरबाईला विचारलं होतं, "माती पुसलीस ना?"

पुसली होती. ओघळून पोराच्या डोळ्यात जात होती, म्हणून आईने उजव्या हाताने, पदराच्या टोकाने टिपली होती. त्या दिवसापासून झुंबरबाईने उजव्या हाताने कुणाचं तोंड पुसलं नव्हतं. नातवंडाचंसुद्धा नाही. आपल्या हाताने पोर मारलं असं मनात धरून ही बाई गावात वावरत होती. तिचा काही दोष नाही हे गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस दर रविवारी बिबट्याची गोष्ट सांगत होता.

"सरका! वारा येऊ द्या!" गर्दीतून एक बाई आत घुसली. खालच्या आळीतल्या प्रदीपची लेक प्रतीक्षा. तळेगावच्या एका दवाखान्यात अपघात विभागात नर्स, आज सुट्टीला घरी. "कुणी आणलं असं पोत्यासारखं? मान कुणी धरली होती? आता हलवू नका. पाणीही देऊ नका. सत्यम, मी कोण?"

"परतीक्षा."

"आज वार कुठला?"

"बेस्तरवार... दुसरी पाळी हाय माजी..." जीभ जड झाली होती. तो भडाभडा ओकला. प्रतीक्षाने दोघांना हाताशी घेतलं, डोकं, मान आणि पाठ एका रेषेत धरून त्याला कुशीवर वळवलं. मग मोबाइलचा उजेड एकेका डोळ्यावर टाकला. डावी बाहुली आकसली. उजवी टपोरी ती टपोरीच राहिली.

तिचा चेहरा बदलला. "एकशे आठला फोन लावा. यायला उशीर असेल तर पिकअप काढा, वाटेत गाठू त्यांना. गोठ्याचं दार काढून आणा, त्याच्यावरनं न्यायचं. मावशी, वेळ नाही."

"त्यो हितनं हलायचा न्हाई," झुंबरबाई म्हणाली. तिने सत्यमला दोन्ही हातांनी कवळलं होतं. "दिस मावळस्तोवर न्हाई. येकदा चुकले मी. आता न्हाई चुकायची."

"मावशी, डोक्याला मार बसला की माणूस बेशुद्ध पडतो आणि बरेचदा आपोआप जागा होतो. माती लावा, नाहीतर काहीच लावू नका. पण कवटीच्या आत शीर फुटली असेल, तर रक्त साठत जातं आणि मेंदू दाबत जातं. मधे घटकाभर माणूस चांगला बोलतो, आपण समजतो वाचला. आता तोच दाब वाढतोय."

"तुमच्यात देव मानत न्हाईत, पोरी," बुवा गोड आवाजात म्हणाला. "तुला मृत्तिका काय कळायची?"

"मी मानते का नाही, ह्यानं ह्याची बाहुली लहान होणार नाही," प्रतीक्षा वर न बघता म्हणाली. "उठला तो तुमच्या मातीनं, गेला तो आईच्या चुकीनं. वा! न्याय चांगलाय तुमचा."

पण झुंबरबाईची मिठी सुटेना. आईच्या हातातून पोर ओढायचं धाडस कुणात नव्हतं. बायका रडत होत्या, पुरुष बुवाकडे बघत होते. सूर्य डोंगराच्या वर चांगला दोन हात होता. सत्यमचे डोळे मिटत चालले होते.

कोंडाजीने आपल्या वहाणांकडे बघितलं. एका वहाणेचा अंगठा उसवला होता. तो अंगठा त्याने बराच वेळ बघितला. वाटलं, दुसरं कुणी काही बोलेल. पिकअप येईल. पोरगं आपोआप बरं होईल. एवढ्या माणसांसमोर, या वयात, स्वतःच्या तोंडाने... आतापर्यंत ज्या जिभेने त्याला कधी दगा दिला नव्हता, ती टाळ्याला चिकटली.

मग सत्यम घोरायला लागला. झोपेतलं नव्हे, घशातलं घोरणं.

कोंडाजी उठला. "झुंबर, मी ह्या झाडावरनं पडलोच न्हाई गं."

"बसा, आबा," कुणीतरी ओरडलं. "गोष्टी मागनं."

"गोष्ट न्हाई, खरं सांगतोय! लोणावळ्याला बंगल्यात माळी व्हतो. जांभळावर चढलो, पाय घसरला. उठलो, हासलो, चा बी प्यालो. तासाभरानं वकाया लागलो. मालकानं गाडीत घालून पुण्याला नेलं. डागदरनी कवटीला भोक पाडून रगात काढलं. म्हयनाभर तितं व्हतो."

"आता बिबट्याचा मालक केला!" एक जण म्हणाला, आणि भीतीतसुद्धा चार जण हसले.

जन्मभर थापा ऐकून घेतलेल्या गावाला पहिलं खरं पचत नव्हतं. कोंडाजीला रडू यायला लागलं. शब्दाला किंमत उरली नव्हती. उरली होती ती टोपी.

त्याने ती काढली. दोन बोटं नव्हे, पुरी. बोडक्या डोक्याने तो झुंबरबाईसमोर गुडघ्यावर बसला आणि मान खाली घातली.

कपाळापासून कानामागपर्यंत घोड्याच्या नालासारखा वण होता, आणि दोन्ही बाजूंनी ठिपक्यांची रांग, रजईला घातलेल्या दोऱ्यासारखी.

"ही ऑपरेशनची शिवण आहे," प्रतीक्षा म्हणाली. "अशी रोज बघते मी. मावशी, हात लावून बघा."

झुंबरबाईने एक हात सोडला. बोट ठिपक्यांवरून फिरवलं. एक, दोन, तीन, चार. पाचव्यावर ते थांबलं.

"माती टाके घालती व्हय?" ती हळूच म्हणाली.

बुवा ओट्यावरून हळूच खाली उतरला.

"आबा. मग माज्या हनुमंताला... मी पुसली म्हणून न्हाई?"

"न्हाई गं बाई. तू न्हाई. माज्यासारखंच झालतं त्याला. मला दवाखान्यात नेलं, त्याला हितं ठिवला." त्याने हातातली टोपी जमिनीवर ठेवली. "गोष्टीत डागदर शोभत नव्हता. म्हणून डागदर काढला आन् बिबट्या घातला."

झुंबरबाईने उजव्या हाताने पदर धरला आणि सत्यमच्या कपाळावरची माती पुसली. मग ती बाजूला झाली. "न्या गं त्याला."

गोठ्याच्या दारावर निजवून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना घोंगडीच्या घड्या लावून त्याला पिकअपमध्ये ठेवलं. खाली टाकवे गावाजवळ ॲम्ब्युलन्स भेटली. संध्याकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं. ऐनवाडीत परत कुणी माती मागितली नाही. बुवा दुसऱ्या दिवशी लहरींसकट निघून गेला.

पुढच्या वर्षी पुन्हा टहाळं तोडायचे दिवस आले. ऐनाच्या ओट्यावर आता दोरांची वेटोळी पडली होती आणि पोरांची हेल्मेटं. सत्यम कडेला बसला होता. मधेच एखादा शब्द त्याला आठवत नसे, बाकी बरा होता. झाडावर चढायच्या आधी गड्यांना जमवून कोंडाजी सांगत होता. टोपी मांडीवर, डोकं उघडं.

"दोर बांधल्याबिगर चढायचं न्हाई. आन् कुणी पडलाच, तर उठून बसला म्हणून नाचायचं न्हाई. पोरगं असो नायतर म्हातारं, दिसरात नजर ठिवायची. ओकतोय, झोप आवरत न्हाई, बोलणं वाकडं, एक बाहुली मोठी, हातपाय लुळं, कानानाकातनं पानी येतंय, तर बुवा नको, माती नको, मी बी नको. गाडी काढायची! डोकं देवानं दिलंय म्हणा नायतर आईबापानं, येकच दिलंय. जे डोळ्याला दिसतं त्याच्यावर इश्वास ठिवा. सांगणाऱ्याच्या जिभंवर न्हाई."

गडी माना डोलवत होते. शंभर नाहीत, वीसच, पण तोंडाकडे बघणारे. कोंडाजीला जुनी चव लागली.

"आता ह्या सत्यमचंच बघा. त्यो पडला मातुर, मी येका क्षणाचा इचार केला न्हाई. लगीच उठलो, टोपी काढली, आन् समद्यांफुडं खरं सांगून टाकलं!"

ओट्याच्या मागच्या बाजूला झुंबरबाई उजव्या हाताने नातवाचं तोंड पुसत होती. ती थांबली.

"लगीच न्हाई, आबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दोन वर्सं लागली तुमाला."