पिवळ्या दिव्याची कबुली

मित्रांनो, आधीच सांगतो, माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी योग्याकार्ता शहरातल्या एका फोटो स्टुडिओतल्या डार्करूमचा जुना पिवळा सेफलाइट आहे. सेफ म्हणजे निर्धोक. पण ज्या कागदावर परीक्षा घेऊन मला हे नाव दिलं, तो कागद आता बाजारात मिळत नाही. नाव मात्र मिरवतोय.

मी म्हणजे पत्र्याचा डबा, आत छोटा बल्ब, पुढे पिवळी काच. फोटोचा कागद उजेडाला भितो आणि मिट्ट काळोखात माणसाला काम जमत नाही. म्हणून कागदाला कळणार नाही असा उजेड द्यायचा, हे माझं काम. मालक पाक विर्यो यांनी मला आणलं; 'पाक' म्हणजे आमच्याकडचं 'साहेब'. वीस वर्षं गिऱ्हाइकं म्हणायची, "पाक, तुमच्याकडचा पांढरा म्हणजे पांढराशुभ्र!" मी फुगायचो.

मग नव्या जातीचा कागद आला. खोक्यावर लिहिलं होतं, लाल दिवा वापरा. पाक खोकी वाचत नाहीत. "लाल उजेडात माणूस आंधळा होतो," म्हणाले आणि मलाच ठेवलं.

पहिलंच काम लग्नाचं. नवरीची आई फोटो घेऊन परत आली. "अहो, हे माझ्या लेकीच्या केसांतले मोगऱ्याचे गजरे की चुलीतली राख? लग्न होतं की मयत?"

पाकांनी गुन्हेगार शोधला. म्हणजे शोधला कसला, समोरच उभी होती. रुमिनी, अकरा वर्षं फोटो छापणारी बाई.

"दार उघडं राहिलं होतं?"

"नाही, पाक."

"मग फोटो उमटवायचं औषध शिळं वापरलंस."

"असेल, पाक."

आमच्याकडे वडीलधाऱ्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. 'असेल' म्हणतात. त्याचा अर्थ 'नाही' हे शेंबड्या पोरालाही कळतं. पाकांना त्या दिवशी कळायचं नव्हतं.

"आणि दिव्यावर ढकलू नकोस," म्हणत त्यांनी कोऱ्या कागदावर नाणं ठेवलं, माझ्याखाली सात मिनिटं राहू दिलं, मग कागद औषधात बुडवला. कागद पांढरा, नाण्याचा मागमूस नाही. "बघ! दिवा निर्दोष. शनिवारपर्यंत चूक कबूल कर, नाहीतर दुसरीकडे काम बघ."

मी खोटा साक्षीदार, वर लटकून सगळं बघत होतो. कोरा कागद गाढ झोपलेला असतो, माझ्या उजेडाने कूसही बदलत नाही. पण निगेटिव्हमधून आलेल्या चित्राच्या उजेडाने एकदा चाळवला, की माझा इवलासा उजेडही त्याला काळवंडतो.

शुक्रवारी दुपारी पाक जेवायला गेले. रुमिनीने कागदावर आधी क्षणभर पांढरा उजेड पाडला, फिका राखाडी उमटेल इतकाच. मग नाणं ठेवलं. सात मिनिटं ती माझ्याकडे बघत होती, चोराकडे बघावं तशी. औषधात कागद गडद झाला आणि मधोमध फिक्कट गोल उमटला. तो ओला कागद तिने पाकांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?" जेवून आलेल्या पाकांनी विचारलं.

"नाणं, पाक. जिथे ते होतं तिथे दिवा पोचला नाही. बाकी सगळीकडे पोचला."

"माझ्या परीक्षेत का नाही दिसलं?"

"तुमचा कागद कोरा होता. फोटोचा कागद कोरा असतो का? त्यावर आधी चित्राचा उजेड पडलेला असतो."

"म्हणजे चूक माझी?"

'असेल' म्हणाली असती तर दोघांचीही अब्रू झाकली गेली असती.

"हो, पाक," रुमिनी म्हणाली.

पाक बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले. माफी मागितली नाहीच. "लाल दिवा आणतो, लग्नाचे फोटो सोमवारी पुन्हा छाप," एवढंच बोलले. मला काढून औषधाच्या बाटल्या ठेवतात त्या बोळात टांगलं, जिथे फोटोचा कागद येत नाही. ठीक झालं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला तपासा. कागद बदलला की पुन्हा तपासा, आणि सोपी परीक्षा घेऊन मला सोडू नका. अकरा वर्षं चोख काम करणाऱ्या बाईवर बोट ठेवायला एक मिनिट लागलं, माझ्यावर ठेवायला आठवडा. ते बोट आधी माझ्याकडे वळवा. मी पत्रा आहे, मला काही होत नाही. तिचं पोट या खोलीवर आहे.