विरजण्या काय म्हणाला

"यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आणि बसलाच, तर मला तुमची काळजी वाटेल."

एवढं बजावल्याशिवाय वणवेकाकांची गोष्ट सुरूच व्हायची नाही. बजावून झालं की ते शिंप्याच्या दुकानातल्या बाकावर मांडी बदलायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि गळ टाकून बसलेल्या माणसासारखे गप्प राहायचे.

दुकान एवढंसं. दाराशी टेलरमास्तरांचं मशीन, मध्ये खडूच्या रेघांनी पांढरं झालेलं कापायचं टेबल, आणि मागच्या खिडकीखाली मास्तरांची थोरली बहीण, काजं करत बसलेली. तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची. गोष्ट सुरू झाली की मास्तर मशीन थांबवायचे. आक्काची सुई मात्र कुणासाठी थांबायची नाही. काकांची खरी परीक्षा तीच होती. मास्तरांना काय, भिंत हलली म्हणून सांगितलं तरी ते उठून बघून आले असते.

काकांची सगळी नोकरी जंगलातल्या टेहळणीच्या मनोऱ्यावर गेली होती. रानात कुठे धूर दिसतो का ते बघायचं, आणि दिसला तर बिनतारी यंत्रावरून खाली कळवायचं. वणवा हुडकण्यात जन्म गेला म्हणून वणवेकाका. बायको लग्नानंतर लवकरच गेली, मूलबाळ झालं नाही. नोकरी संपल्यावर त्यांनी दुकानासमोरच्या इमारतीत एक खोली घेतली. त्या खोलीत भांडं वाजलं तर ते आपल्याच हातून वाजलेलं असायचं, आणि दार वाजलं तर ते शेजारच्यांचं. म्हणून ऊन उतरलं की काका रस्ता ओलांडायचे.

"एकदा काय झालं, भर दुपारी एक झाड धुमसायला लागलं," काका सांगत. "वारा आला की भस्सकन पिवळा धूर. मी यंत्र उचललं, खाली कळवणार, तेवढ्यात विरजण्या म्हणाला, थांब रे शहाण्या, धुराला वास कुठाय?"

"मग?" मास्तर म्हणायचे.

"मग काय, गेलो झाडाखाली. अंगावर पीठ सांडावं तसा पिवळा पिवळा भुगा. विरजण्या म्हणाला, हा झाडाचा पराग. झाड लग्नाला निघालंय आणि तू बंब बोलावतोयस."

आक्का हसायची. सुई न थांबवता, पण हसायची.

विरजण्या म्हणजे काकांचा मनोऱ्यावरचा जोडीदार. कसलाही चमत्कार दिसो, त्यावर विरजण घालायला हा हजर. रात्री एक ओंडका हिरवा उजळला आणि काकांना घाम फुटला, तर हा म्हणाला, कुजक्या लाकडावरची बुरशी आहे, चकाकते, झोप. निरभ्र आभाळाखाली एका झाडाखालीच पाऊस पडायला लागला आणि काकांनी तोंड वर करून तो झेलला, तर हा म्हणाला, फांदीवर किडे बसलेत, झाडाचा रस पितात आणि नको ते पाणी खाली सोडतात.

"नको ते म्हणजे?" त्या दिवशी आक्काने विचारलं होतं.

"म्हणजे तेच."

"आणि तुम्ही तोंड वर केलं होतंत."

"उघडंसुद्धा होतं," काका म्हणाले होते, आणि मास्तरांना हसता हसता ठसका लागला होता.

गल्लीत काकांच्या झाडांवर कुणाचा विश्वास नव्हता. पाऊस पाडणारं झाड, चकाकणारा ओंडका, पान नसतानाही जिवंत राहिलेला बुंधा. लोक म्हणत, म्हातारा पुड्या सोडतो, पण झकास सोडतो. विरजण्यावर मात्र सगळ्यांचा विश्वास. असा एक कुजकट, शहाणा, मनाने चांगला माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतोच.

आता गंमत बघा. झाडं सगळी खरी होती. नव्हता तो विरजण्या.

त्याचा जन्म एका नियमातून झाला. मनोऱ्यावरच्या माणसाने काहीही विचित्र दिसलं तरी आधी कारण शोधायचं आणि मगच कळवायचं, असा खात्याचा दंडक होता. नाहीतर खालची माणसं उगीच डोंगर चढून येत आणि शिव्या घालून जात. पहिल्याच वर्षी काकांना काहीतरी दिसलं आणि त्यांनी मोठ्याने विचारलं, "काय असेल रे हे?" उत्तर कोण देणार? मनोऱ्यावर ते, एक खाट आणि एक घुबड. घुबडाला स्वारस्य नव्हतं. मग त्यांनी आवाज जरा जाड केला आणि स्वतःच म्हणाले, "असेल काय, डोकं चालव." तो जाड आवाज पुढे राहायलाच आला. सकाळी चहा बेचव झाला म्हणून कुरकुर करायचा, पत्त्यांत हरला की डाव मोडायचा. पावसाळ्यात डोंगराखालची वाट बंद व्हायची आणि यंत्रावर "सगळं ठीक" एवढे दोनच शब्द रोज बोलायचे असायचे, तेव्हा बाकीचे सगळे शब्द विरजण्याशी.

डोंगर उतरून काका शहरात आले, तेव्हा तो जाड आवाज आला नाही. खोलीत त्यांनी एकदोनदा विचारून पाहिलं. शेजारच्या बाईंनी भिंतीवर टकटक केली, तेवढंच. विरजण्या बोलायचा तो फक्त शिंप्याच्या दुकानात, आक्काच्या सुईसमोर.

आणि तिथेच घात झाला.

"काका, विरजण्याभाऊजी कुठे असतात हल्ली?" आक्काने एके दिवशी विचारलं. भाऊजी हे नवीनच होतं.

"असतो तिकडे. त्याच्या गावी."

"एकटेच?"

"त्याला काय, तो कुठेही एकटाच."

"मग बोलवा की इकडे. तुमच्याकडे राहतील दोन दिवस, जेवायला आमच्याकडे."

काकांनी त्याचे गुडघे दुखवले. आक्का म्हणाली, तेलाची बाटली देते. काकांनी त्याला गाडी लागते म्हणून सांगितलं. आक्का म्हणाली, खिडकीशी बसवा. मास्तर इतके पेटले की त्यांनी मशीनवरून उठून जाहीर केलं, दुकानाची सुट्टी आहे उद्या, मी स्वतः जाऊन घेऊन येतो, पत्ता सांगा.

"उद्या नको," काका म्हणाले. "परवा सांगतो."

सुट्टीचा अख्खा दिवस काका खोलीत बसून राहिले. समोर दुकानाचं शटर खाली होतं. त्यांनी स्वतःशी सरळ हिशेब मांडला. विरजण्या नव्हताच म्हणून सांगितलं, तर बाकावर एक खोटारडा म्हातारा उरतो, आणि खोटारड्या म्हाताऱ्यासाठी कुणी मशीन थांबवत नाही. म्हणजे उपाय एकच. विरजण्याला मारायचं. तार आली, कळलं, गेला बिचारा. आक्का हळहळेल, मास्तर चहा मागवतील, आणि बाक शाबूत राहील.

दुसऱ्या दिवशी ते ठरवूनच रस्ता ओलांडून गेले. चेहरा आधीच पाडून ठेवला होता.

"काय झालं?" आक्काने विचारलं.

तोंड उघडलं आणि काकांच्या लक्षात आलं की हे वाक्य त्यांच्याकडून निघत नाही. बायको गेली तेव्हाही खालच्या लोकांना त्यांनी यंत्रावर "सगळं ठीक" म्हणूनच सांगितलं होतं. वेळ काढायला म्हणून ते म्हणाले, "आधी एक गोष्ट सांगतो. यावर तुमचा विश्वास बसणार नाही."

मास्तरांनी मशीन थांबवलं.

"नोकरीतली शेवटची सकाळ. सामान बांधून झालेलं. मी गॅलरीत आलो, तर खाली रान नाही. सगळं धुकं. कापूस पिंजून दरी भरावी तसं. मागून सूर्य वर येत होता. आणि समोर, त्या धुक्यावर, उभा होता एक राक्षस."

"राक्षस," मास्तर म्हणाले.

"डोंगराएवढा. काळाकभिन्न. पाय दरीत, डोकं आभाळाला. आणि डोक्याभोवती इंद्रधनुष्याचं गोल कडं. लाल, पिवळं, निळं. मी कठडा घट्ट धरला. वाटलं, इतकी वर्षं ज्याच्या रानावर पहारा दिला, तो आज भेटायला आला. मी हात वर केला. त्यानेही केला. मी टोपी काढली. त्यानेही काढली. असा अदबशीर राक्षस तुम्ही पाहिला नसेल."

आक्काच्या हातातला दोरा पुरा ओढला गेला नाही.

"मी हळूच म्हणालो, काय असेल रे हे? विरजण्या शेजारीच होता. कठड्याला टेकून, माझ्या खांद्याला खांदा लावून. म्हणाला, शेवटच्या दिवशी तरी डोकं चालव. पाठीमागे सूर्य, समोर धुकं. ती सावली आहे. धुक्यावर पडली म्हणून एवढी मोठी दिसते. आणि ते रंग धुक्यातल्या पाण्याच्या थेंबांचे."

"सावली," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. राक्षस त्यांना आवडला होता.

"सावलीच. पण मी म्हटलं, विरजण्या, आज असू दे. आज विरजण नको. तर तो पहिल्यांदाच गप्प बसला. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, धुकं विरेपर्यंत. तो समोरचा विरत गेला. आधी पाय, मग खांदे, मग ते कडं. मी हात हलवत होतो, तोही हलवत होता. मग नुसतं रान उरलं. मी पिशवी उचलली आणि खाली उतरलो."

काका थांबले. पुढचं वाक्य जुळवायचं होतं: आणि काल कळलं की विरजण्याही. त्यांनी चष्मा कपाळावरून काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसायला घेतला. काच स्वच्छच होती.

आक्काने सुई कापडात टोचून ठेवली. भावाकडे बघितलं नाही, काकांकडेही नाही. मांडीवरचा सदरा तिने बाजूला ठेवला आणि अगदी हळू, जखमेवरची पट्टी सोडवावी तसं विचारलं,

"काका, तुम्ही दोघं खांद्याला खांदा लावून उभे होतात ना? मग राक्षस एकच कसा?"