कानसेनांची खरेदी

ऑफिसात त्याला कानसेन म्हणत. नाव थट्टेने पडलं होतं, पण त्याने ते पदवीसारखं अंगाला लावून घेतलं. विमा कंपनीत लोकांचे दावे फेटाळायचं त्याचं काम. म्हणजे दिवसभर कुणाचं काही ऐकून घ्यायचं नाही हा धंदा, आणि संध्याकाळी घरी येऊन अगदी बारीक ऐकायचं हा छंद. गाणं कुठलं, त्यात आळवलंय कुणाला, शब्द काय, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. गाणारीने श्वास कुठे घेतला आणि वाजवणाऱ्याची खुर्ची कुठे करकरली, हे ऐकू आलं की त्याचा आत्मा तृप्त. देवासाठी जीव ओतून म्हटलेलं पद असो, हा त्यातली खुर्ची ऐकायचा.

त्याच्या बायकोला या कानांचा धाक कधीच वाटला नव्हता. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यापुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, पहिली की दुसरी? एखादा फारच ठासून बोलायला लागला, तर ती गुपचूप तीच काच पुन्हा धरायची. तो म्हणायचा, आता कसं लख्ख दिसतंय. ती हसत नसे. दुकानात हसायची पद्धत नव्हती. ते हसू ती साठवून घरी आणायची आणि सासऱ्यांबरोबर वाटून घ्यायची.

तर कानसेनांच्या मनाने घेतलं की आता मोठे स्पीकर आणायचे. नवे परवडत नाहीत असं तो म्हणत नसे. नव्यात दम नाही असं म्हणे. वापरलेले हवेत, मुरलेले हवेत, लोणच्यासारखे. महिनोन्महिने त्याने जाहिराती धुंडाळल्या आणि एक जोडी हेरली. माणसाच्या छातीला लागतील असे दोन खोके, वर शिसवी लाकडाचं कवच. एका निवृत्त गृहस्थाला ते काढून टाकायचे होते.

आता एवढे खोके ठेवायचे कुठे? पुढच्या खोलीत खिडकीच्या भिंतीशी, दुसरीकडे चालणारच नाही, असं कानसेनांनी मोजपट्टी लावून ठरवलं. खडूने जमिनीवर फुल्या मारल्या. समोर एक खुर्ची, ती त्याची. बाकीच्यांनी कुठेही बसावं, त्यांना खरं ऐकू येणारच नव्हतं. अडचण एवढीच की डावी फुली बरोबर बाबांच्या उशीखाली आली.

गुडघे गेल्यापासून बाबांचं बाहेर जाणं म्हणजे ती खिडकी. पलंगावर पडल्या पडल्या ते साऱ्या रस्त्याचा संसार सांभाळायचे. कुणाच्या कुत्र्याचा पट्टा सुटलाय, शिंप्याने दुकान उशिरा का उघडलं, समोरची पोरगी कुणाच्या सायकलवर बसून आली, सगळी खबर संध्याकाळी सूनबाईला मिळायची. आता त्यांचा पलंग मागच्या खोलीत जाणार होता. तिथे इस्त्रीचं टेबल होतं, बॅगा होत्या, आणि खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत होती.

"तिकडे शांतता आहे, बाबा," कानसेन म्हणाला.

"मला काय, पाठ टेकली की झालं," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळी रस्त्याचं काही सांगायचं बंद केलं. सुनेने विचारलं तर म्हणाले, सवय करून घेतोय. रात्री तिने नवऱ्याजवळ विषय काढला, पलंग राहील अशी एखादी लहान जोडी घ्या ना म्हणून. त्याने तिच्याकडे दावेदाराकडे बघावं तसं बघितलं आणि सांगितलं की लहान डब्यातून आवाज येतो, संगीत येत नाही. अर्ज फेटाळला.

रविवारी दोघं त्या गृहस्थांच्या घरी गेले. गृहस्थ दात काढून घ्यायला गेले होते. दार त्यांच्या बायकोने उघडलं. काकू ठेंगण्या, बोलक्या. मुलीजवळ लहान घर घेतलंय, तिकडे हे दोन पहारेकरी मावत नाहीत, असं सांगत त्यांनी आत नेलं. खोलीत ते खोके उभे होते, खरंच पहारेकऱ्यांसारखे. मागे फडताळावर पुस्तकं होती, आणि पुस्तकांना टेकू म्हणून ठेवल्यासारखे पावाच्या लादीएवढे दोन काळे स्पीकर.

कानसेनांनी खोक्यांवरून हात फिरवला, बोटाने टकटक केली, कान लावला, डॉक्टर छाती तपासतो तसा. मग मधली खुर्ची पकडली, खिशातून स्वतःची सीडीची तबकडी काढून काकूंना दिली आणि लावायला सांगितलं.

काकू म्हणाल्या, "अहो, जरा थांबा, ते काल ह्यांनी—"

"बोलू नका, ऐकू द्या."

काकूंनी बटण दाबलं. गाणं सुरू झालं. त्याने डोळे मिटले. काकूंनी पुन्हा तोंड उघडलं, तर त्याने डोळे न उघडताच बोट वर केलं. मग तो बोलायला लागला. काय खोली, म्हणाला. ढोल बघा, पोटात वाजतोय. गाणारी उभी आहे ती इथे, अशी, दोन पावलं पुढे. लहान स्पीकरांना हे सात जन्मांत जमायचं नाही. ही लाकडाची पुण्याई आहे.

त्याच्या बायकोला गाण्यात रस होता; लाकडात नव्हता. ती खिडकीशी जावं म्हणून उठली आणि डाव्या खोक्याच्या मागून गेली. तिथे वायर होती. व्यवस्थित गुंडाळलेली, रबर लावलेली, जमिनीवर. कुठेच जोडलेली नव्हती. उजव्याचीही तशीच. तिने फडताळाकडे पाहिलं. लादीएवढ्या त्या दोन काळ्या डब्यांतून गाणारी जीव तोडून गात होती.

तिने काकूंकडे पाहिलं. काकूंनी हात जोडल्यासारखे केले आणि तिला दाराशी बोलावून कुजबुजत सांगितलं की काल ह्यांनी पुसायला म्हणून मोठ्यांच्या वायरी काढल्या, त्या लावायच्या राहिल्या, मी तेच तर सांगत होते, पण तुमचे साहेब ऐकतील तर ना.

आता सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण एवढी वर्षं संसार केलेला. उघडा पडलेला माणूस खाली मान घालत नाही, आणखी मोठं काहीतरी विकत घेतो, हे तिला पाठ होतं. लाजेपोटी तो खोके घेईल, आणि मग बाबांना इस्त्रीच्या टेबलाशेजारून कुणी हलवणार नाही. तिने क्षणभर विचार केला. मग काकूंना विचारलं, दोन्ही जोड्या एकदम जोडता येतात का? येत होत्या. यंत्रावर एक खटका होता. इकडे केला की लहान, तिकडे केला की मोठे. काकू रोज बातम्या लावत, त्यांना ते यंत्र घरच्या शेगडीसारखं माहीत होतं. दोघींनी खाली बसून वायरी लावल्या. कानसेन डोळे मिटून ढोलात होते.

"अहो," ती म्हणाली, "डोळे उघडू नका. काकूंकडे ती लहान जोडीही आहे. एकदा दोन्ही ऐकून टाका, म्हणजे माझ्याही मनात किंतू नको."

त्याला दया आली. "लाव," तो म्हणाला. "तुलाही कळू दे फरक."

काकूंनी खटका होता तसाच ठेवला.

"हा पहिला," बायको म्हणाली, दुकानातल्या आवाजात. थोडं वाजू दिलं. काकूंनी खटका फिरवला. "आणि हा दुसरा. पुन्हा पहिला. पुन्हा दुसरा. सावकाश सांगा, घाई नाही. पहिला की दुसरा?"

"यात विचारायचं काय?" कानसेन म्हणाला. "पहिला. पहिल्यात संगीत आहे. दुसरा नुसता घुमतोय, रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा. कुणी फुकट दिला तरी मी घरात ठेवणार नाही."

"नक्की?"

"लिहून घे."

"उघडा डोळे. दुसरा चालू आहे."

त्याने डोळे उघडले. शिसवी खोके छाती काढून घुमत होते. काकूंनी सौजन्याने खटका फिरवला. आवाज उठून फडताळावर गेला. पुन्हा फिरवला, परत खोक्यांत आला. कानसेनांचा चेहरा भरल्या ताटावरून उठवल्यासारखा झाला. त्याने खोलीच्या छताला दोष दिला, मग विजेच्या दाबाला, मग पडद्यांना. बायकोने प्रत्येक वेळी मान डोलावली. पहिल्यापासून लहान जोडीच वाजत होती, हे तिने सांगितलं नाही. तेवढी दया तिच्याजवळ होती.

"तुम्हीच निवडलंत," ती म्हणाली. "मला तर सांगता आलं नसतं बाई. काकू, ही लहान जोडी द्याल का?"

काकू म्हणाल्या, न्या की, बातम्या काय कशावरही ऐकता येतात, नाहीतरी त्या कानावर न पडलेल्याच बऱ्या. आणि त्या दोन पहारेकऱ्यांना घेणारा आणखी एक येणार आहे उद्या, तोही असाच मोठा जाणकार आहे म्हणे.

परतीच्या वाटेवर तिसऱ्या वळणाला कानसेनांना कंठ फुटला. घरी पोहोचेपर्यंत असं ठरलं होतं की मोठ्या खोक्यांमागे धावणारे सगळे बावळट, आणि डोळे मिटून अस्सल हुडकून काढणारा कान शहरात एकच. बायको हो हो म्हणत होती. तिला दोन डबे मांडीवर घ्यायला जड जात नव्हते.

डबे खिडकीच्या वर फळीवर बसले. पलंग जागचा हलला नाही. खडूच्या फुल्या तिने ओल्या फडक्याने पुसून काढल्या. मग कानसेनांनी मोजपट्टी काढली, आणि सर्वांत उत्तम आवाज जिथे मिळतो ती जागा बाबांच्या उशीच्या शेजारी निघाली. त्याचा नाइलाज झाला. संध्याकाळी ऑफिसातून आला की त्याला बापाच्या पलंगाच्या कडेला बसावं लागायचं, आणि बाबा त्याच्यासाठी पाय आखडून घ्यायचे.

पहिल्याच संध्याकाळी त्याने आपली तबकडी लावली. बाबांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. गाणारीने कुणाला आळवलं, कशासाठी आळवलं, ते ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. पोराने विचारलं, खुर्ची करकरली ती ऐकलीत का. बाबा म्हणाले, नाही रे, खुर्चीकडे माझं लक्ष नव्हतं.

दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा ते जरा चुळबुळले.

"यंत्र फार छान आहे," बाबा म्हणाले. "पण थोडं बारीक कर. खाली शिंप्याची आणि त्याच्या भावाची जुंपली आहे, मला काही ऐकू येत नाहीये."

सून दारात येऊन उभी राहिली. कानसेनांनी आवाज कमी केला, मग पार बंद केला. खिडकीतून दोन माणसांचं भांडण स्वच्छ वर आलं. त्याने सवयीने डोळे मिटले, मान तिरकी केली आणि बराच वेळ ऐकलं.

"डावीकडचा खरं बोलतोय," तो म्हणाला.

"ती बाजू शिंप्याची," बाबा म्हणाले. "तो साफ खोटं बोलतोय. पण तू ऐकत राहा."