मोजणीची डबी

शिंपीकाकांच्या घरात नेट कधी अडत नाही. खिडकीखाली सरकारी मंडळाने बसवलेली मोजणीची डबी आहे. कंपनी कबूल केलेला वेग देते की नाही, ते ती मोजते. अशा डब्या अगदी थोड्या घरांत. काका तिला रोज फडक्याने पुसतात. कोणी सांगितलेलं नाही.

काकांची बहीण, ताई, दुसऱ्या गावी, लेकीकडे. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिची वाचा गेली, त्यामुळे नुसता फोन उपयोगाचा नाही. ती भुवयांनी बोलते. एक वर गेली की हो. दोन्ही वर गेल्या की, गाढवा, वेळेवर जेवत जा. काकांना दिवसभरात एवढं बोलणारंही दुसरं कोणी नाही. गिऱ्हाईक माप देतं आणि जातं.

दुपारी व्हिडिओ लागतो. ताईची भुवई वर जायला लागते आणि

चित्र थांबतं.

"मामा, तुमच्याकडे सुकाळ, आमच्याकडे दुष्काळ," भाची लिहून पाठवते.

"तुझा फोन भंगारात घाल," काका उलट लिहितात.

असं वर्षभर.

मग मंडळाने सुनावणी ठेवली. व्हिडिओचा वेग कंपन्यांनी मनाला येईल तसा आवळावा, की सरकारने त्यांना वेसण घालावी? कंपनीचा वकील काकांच्या दारात आला. "डबीवाल्या घरांची तक्रार नाही, एवढंच सांगा, काका." काकांना बरं वाटलं. माप द्यायचं नसताना कोणीतरी खुर्चीवर बसलं होतं.

सुनावणीच्या सकाळी इस्त्रीच्या पॉइंटमधून ठिणगी उडाली. शिंपी चुरगळलेल्या सदऱ्यात चारचौघांत जाणार? काकांनी डबीची पिन उपटली, तिथे इस्त्री लावली, आणि ताईला सदरा दाखवावा म्हणून व्हिडिओ लावला.

लागेना. दुसरा कुठला व्हिडिओ उघडून पाहिला. तोही हलेना.

इस्त्री काढून डबी लावली. सगळं पळायला लागलं.

डबी काढली. मेलं.

लावली. जिवंत.

काका मशीनच्या स्टुलावर बसले. म्हणजे वर्षभर ताईकडे

म्हणजे भाचीचा फोन

एक बाही तशीच राहिली.

सुनावणीच्या हॉलमध्ये काकांनी इस्त्रीची हकीकत सांगितली. "माझं नेट पळतं ते डबीमुळे. डबी दिसली की कंपनी वेग सोडते. बहिणीकडे डबी नाही."

"काका, इस्त्रीने व्होल्टेज पडलं असेल हो," वकील म्हणाला. हॉल हसला.

"आणि वर्षभर ताईकडे काय मी इस्त्री करत होतो?"

हॉल पुन्हा हसला. या वेळी कोणाला, ते काकांना कळलं नाही.

मंडळाच्या अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "डबी तपासायला न्यावी लागेल. परत मिळेलच असं नाही. चालेल?"

डबी गेली की आपलंही नेट अडणार. आत्ता ताई तुटक तुटक का होईना दिसते, आणि तिला आपण. काका सदऱ्याचं बटण चाचपत राहिले.

"न्या," ते म्हणाले.

निकाल अजून लागलेला नाही. खिडकीखाली स्क्रूची भोकं आहेत.

दुपारी काका व्हिडिओ लावतात. आज पडदा नुसता करडा. तरी ते बोलत राहिले: बाई करारी होत्या, वकिलाच्या कोटाला खांद्यात झोळ होता, इतका पैसेवाला माणूस आणि शिंपी असला, आणि माझी चुरगळलेली बाही कोणी बघितलीसुद्धा नाही, तू असतीस तर

भाचीचा मेसेज आला. "मामा, तुमचं तोंड उघडं तसंच थांबलंय. आवाज नाही. बंद करू म्हटलं, तर आई फोन सोडत नाहीये."

काकांनीही बंद केला नाही.