तरसाला देणगीदार हवा

भूतदया आमच्या शहराच्या रक्तातच आहे. हे वाक्य समितीच्या आवाहनपत्रकात पहिल्या ओळीत ठळक टायपात छापलेलं आहे आणि ते मी लिहिलेलं आहे. लिहिलं तेव्हा आम्ही सहाजण बार्शी रोडवरच्या खानावळीत बसलो होतो आणि पुढ्यात मटणाचा रस्सा होता. शेळी आमच्याच जिल्ह्याची. ज्या एका प्राण्यामुळं आमच्या जिल्ह्याचं नाव बाहेर माहीत आहे तो हाच, आणि ते कशामुळं माहीत आहे हे ताटात दिसतच होतं.

आमच्या गावाला कागदोपत्री शहर म्हणतात. पुरावा म्हणून एक बाग आहे आणि बागेत प्राणिसंग्रहालय. नऊ हरणं, चार मोर, ससे (यांची मोजदाद करण्यात अर्थ नसतो), दिवसा कधीच न दिसणारं एक साळिंदर आणि एक तरस. सगळंच मोडकळीला आलेलं. सरकारी निधी येणार येणार म्हणून सात वर्षं वाट पाहिली. मग लोकवर्गणीतून नूतनीकरण करायचं ठरलं आणि समिती झाली. अध्यक्ष आण्णासाहेब. ढोकीकडं ऊस, गावात पेट्रोलपंप, आणि कुठल्याही समितीत अध्यक्षाशिवाय दुसरी जागा त्यांना बसत नाही. चिटणीस मी, कारण मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो आणि माझं अक्षर बरं आहे.

पहिल्या बैठकीच्या आधीच आबारावांनी मला गेटवर गाठलं. आबाराव म्हणजे तिथले राखणदार. एकवीस वर्षांपासून प्राण्यांना खाऊपिऊ घालणारे.

"सर, बाकी काय बी करा. आधी मावशीचं बघा."

मावशी म्हणजे तरस. चौदा वर्षांपूर्वी येडशीच्या बाजूला एका कोरड्या विहिरीत पडलेलं पिल्लू सापडलं, ते आबारावांनी बाटलीनं दूध पाजून जगवलं. आता तिची मागची ढांग धरलेली होती. पिंजऱ्याचं तोंड पश्चिमेला, आणि वरचे पत्रे गेल्या वर्षीच्या वावटळीत उडून शेजारच्या शाळेच्या मैदानात पडले होते. ते कुणी नेले, ते शाळेलाही माहीत नाही.

"बारदान भिजवून टाकतो वर. दुपारच्याला तासाभरात वाळतंय," आबाराव म्हणाले. "औंदाचा उन्हाळा तिला निघत न्हाय सर. आठ पत्रे आन एक हौद. बस. पाडव्याच्या आत."

मी म्हणालो, "हे तर पहिलंच काम."

हे मी मनापासून म्हणालो होतो.

आता आमच्याकडं देणगी कशी देतात ते सांगायला पाहिजे. रोख कुणी देत नाही. रोखीवर नाव घालता येत नाही. वस्तू देतात, आणि वस्तूवर 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ' असं असतं. देवळातल्या पंख्यांच्या पात्यांवर नावं असतात. पंखा चालू केला की नाव वाचता येत नाही, म्हणून काही देवळांत पंखा चालूच करत नाहीत. तेव्हा समितीनं ठरवलं, एकेका पिंजऱ्याला एकेक देणगीदार. दुरुस्ती त्यांनी करून द्यायची आणि दर्शनी भागी संगमरवरी पाटी लावायची.

मोराला पहिल्याच दिवशी अकरा अर्ज आले. दोन चुलतभावांत एकाच आजोबांच्या नावावरून भांडण झालं, तेव्हा मोराच्या पिंजऱ्याला मधून जाळी टाकून दोन पिंजरे केले. आजोबा दोन्हीकडं एकच. हरणं एका डॉक्टरांनी त्यांच्या वडिलांना दिली. ससे एका सराफानं आईला. साळिंदराला कुणी नव्हतं, पण ते दिसत नसल्यामुळं एका वकिलानं सासऱ्यांसाठी घेतलं.

राहिली मावशी.

"तरसाचं काय करायचं आण्णा?" मी विचारलं.

आण्णासाहेबांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "सर, तुमीच सांगा. पाटीवर काय लिव्हायचं? 'कैलासवासी तात्यासाहेब यांच्या स्मरणार्थ', आन खाली तरस?"

सगळे हसले. मीही हसलो.

"ते मढी उकरतंय म्हणतेत," एक सदस्य म्हणाले.

"आन हसतंय म्हणे माणसावानी," दुसरे म्हणाले.

"ते दुसऱ्या जातीचं. आपलं हसत नाही," मी माहिती दिली. चिटणीसानं माहिती द्यायची असते.

"हसंना का. पण बाप गेलेल्या माणसाला कसं सांगायचं, की मोर संपले, आता तरस घ्या?"

याचं उत्तर राज्यशास्त्रात नाही.

तरी मी हिंडलो. द्वारकाबाई नावाच्या एक काकू आहेत. यजमान जाऊन वर्ष झालेलं, मुलं पुण्याला. त्यांना काहीतरी करायचंच होतं. त्यांना मी रिक्षातून बागेत आणलं. मावशी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात होती. आबारावांनी हाक मारली तशी ती उठली आणि ढांग ओढत समोर आली.

"हे असं घसरल्यावानी का चालतंय?"

"मागचे पाय आखूडच असतात काकू. आणि वय झालंय."

"ह्यांचं बी असंच झालं होतं शेवटी," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं. काकूंनी पदरानं डोळे पुसले, परत एकदा मावशीकडं नीट पाहिलं आणि मान हलवली. "न्हाय बाबा. जित्तेपणी म्या लई बोलले त्यांना. आता मेल्यावर तरसावर नाव घातलं तर दीर म्हणतील, हिनं डाव साधला."

"काकू, ऊन फार लागतं हो तिला."

"लागतंय की. मला बी लागायलंय इथं उभं राहून." मग त्यांनी पिंजऱ्यासमोर एक सिमेंटचं बाक दिलं. नावासकट. बसून बघणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून.

ईट गावाला माझा थोरला भाऊ असतो. त्याला फोन केला की आपल्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, नावानं पत्रे घालू या का. तो म्हणाला, "दादांनी तुझं काय वाईट केलं होतं? एवढंच हाय तर तुझं नाव घाल."

माझं नाव घालायला काहीच अडचण नव्हती. आठ पत्र्यांचा खर्चही मला जड नव्हता. मी घातलं नाही. कॉलेजात पोरं काय म्हणतील असा एक विचार मनात आला होता, एवढं आठवतं.

पाडवा गेला. बागेत बाकं येत राहिली. पिंजरे संपल्यावर लोक बाकांवर आले होते. कमान झाली. कमानीवर सिमेंटचे दोन सिंह बसले. मावशीचं बारदान तसंच भिजत आणि वाळत होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आबाराव बैठकीत आले. चप्पल दाराबाहेर काढून, दारातच उभे राहिले. त्यांची मुलगी श्रावस्ती कळंबला नर्स आहे. पत्रे ती देणार होती.

"तरसाला कुणी न्हाय म्हणत्यात," आबाराव म्हणाले. "मंग माझ्या बापाच्या नावानं घ्या. धोंडीबा नाव. माझा बाप काय बोलणार न्हाय. त्यानं आख्खा जन्म उन्हातच काढलाय."

बैठकीला आलेल्या मोरवाल्या चुलतभावांपैकी एकानं दुसऱ्याकडं पाहिलं. त्या दोघांचं कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच एकमत झालेलं दिसत होतं.

"पत्रे आणा की," आण्णासाहेब शेवटी म्हणाले. "चांगलं काम हाय. पाटीचं मागनं बघू. सगळ्या पाट्या एका मापात पाहिजेत, एका वळीत दिसाय पाहिजेत. काय सर?"

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मी इतिवृत्तात 'पाटीबाबत यथावकाश निर्णय' असं लिहिलं. अक्षर नेहमीप्रमाणं चांगलं आलं.

पत्रे आले. नवे, निळे, आठ. वीरप्पा वेल्डरनं माप घेऊन कापले, भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी चढवायचे होते. त्या संध्याकाळी आण्णासाहेबांना निरोप आला की उद्घाटनाला मोठे साहेब येतायत, येत्या रविवारी. आणि मंडपवाला नाही म्हणाला. लग्नसराई. जिल्ह्यात कुठंच मंडप शिल्लक नव्हता, सोनारीपर्यंत विचारून झालं.

"साहेबाला उन्हात बसवता का?" आण्णासाहेबांनी विचारलं. मग त्यांची नजर पत्र्यांवर गेली. "वीरप्पा, ह्याचं स्टेजवर छप्पर होईल का?"

"होतंय की आण्णा. फकस्त चार पाइप लागतेत."

"आण्णा, ते मावशीचे..." आबाराव म्हणाले.

"अरे, चार दिवस! चार दिवसांनी तूच काढून ने. साहेब बसलेले पत्रे म्हणून सांगशील लोकांना."

मी तिथंच होतो. मी म्हणालो, "आण्णा, आधी पिंजरा झाला असता तर..."

"सर, तुमी भाषण लिव्हायला घ्या," आण्णासाहेब म्हणाले. मी घेतलं.

रविवारी साहेब आले नाहीत. बैठक निघाली होती. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली, मग ती सोमवारवर गेली. स्टेज मोडायचं तर फोन कधीही येईल, आणि आला तर परत उभं कोण करणार? आबाराव रोज सकाळी विचारायचे, "सर, आज काय?" मी म्हणायचो, "आज कळेल बहुतेक." स्टेजवर पत्र्यांखाली रिकाम्या खुर्च्या सावलीत होत्या. दुपारी गावातली कुत्री तिथं येऊन झोपायची. एकदा आबाराव म्हणाले, "मावशीला दोरी लावून स्टेजवर बांधू का सर, दुपारच्याला? कुत्र्यांना चालतंय, मग तिला का न्हाय?" नियमात ते बसत नव्हतं. नियम मी वाचून दाखवला.

पत्रे स्टेजवर चढले त्याच्या एकोणिसाव्या दिवशी ऊन त्रेचाळीसला गेलं. त्या दुपारी आबाराव मला बोलवायला घरी आले नाहीत, फोन केला. "या जरा," एवढंच म्हणाले.

मावशी हौद व्हायचा होता त्या जागेवर पडली होती. तिनं तिथली माती थोडी उकरलेली होती. आबाराव तिच्यावर घागरीनं पाणी घालत होते, आता गरज नव्हती तरी. मी काकूंच्या बाकावर बसलो. बाक इतकं तापलं होतं की लगेच उठावं लागलं.

"चौदा वर्सं," आबाराव म्हणाले. आणि घागर परत भरायला गेले.

जनावरांच्या डॉक्टरांनी कारण 'वार्धक्य' लिहिलं. पंचनाम्यावर सही माझी आहे.

साहेब त्या शुक्रवारी आले. भाषणात त्यांनी माझी पहिली ओळ वाचली, टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर वीरप्पानं स्टेज उतरवलं. आण्णासाहेब दिलेल्या शब्दाला जागले आणि आठही पत्रे त्याच संध्याकाळी तरसाच्या पिंजऱ्यावर चढले. छान गार सावली पडते आता तिथं.

पुढच्या बैठकीत त्या पिंजऱ्याला तीन अर्ज आलेले होते. आत आता तरस नव्हतं, जागा कमानीतून आल्या आल्या समोर दिसणारी. मी धोंडीबांचं नाव काढलं. खरंच काढलं, इतिवृत्तात आहे. आबारावांना विचारा, असं ठरलं. आबाराव म्हणाले, "आता कशाला?" आण्णासाहेबांनी याची नोंद 'ना हरकत' अशी करायला सांगितली.

तिथं आता कैलासवासी तात्यासाहेबांची पाटी आहे. आण्णासाहेबांचे वडील. आतमध्ये झाडू, दोन घमेली आणि बागेला पाणी द्यायचा पाइप ठेवतात.