पाशामियाँचा बन्सी गहू

लढाईच्या साली, निजामाचं राज्य असताना, बेंबळी गावच्या रानात जे झालं ते ताहेराबी म्हातारपणीही मोठ्या मायेनं सांगायची. तेव्हा ती लग्न होऊन नुकतीच आली होती. नवरा पाशामियाँ कष्टाळू, दिल्या शब्दाला जपणारा. दरसाल हिवाळ्यात त्यांच्या रानात बिराप्पा धनगराचा कळप बसायचा. त्या हिवाळ्यात त्याची बायको हरणाबाई ताहेराबीजवळ मन मोकळं करू लागली. परक्या गावात ताहेराबीला तीच पहिली मैत्रीण मिळाली.

त्या साली परतीचा पाऊस आलाच नाही. जमिनीत होती तेवढ्या ओलीवर बन्सी गहू उगवला, ओंब्याही बाहेर पडल्या, आणि मग बुडापासून पानं वाळायला लागली. रानातल्या भेगांत हात जायचा. ओंबी दाबली तर बोटाला नुसता पाणचट चीक लागायचा. शेजाऱ्यांनी उभ्या पिकात गुरं सोडली. पाशामियाँचाही धीर सुटला.

"सकाळी मेंढरं घाल," त्यानं बिराप्पाला सांगितलं. "तुझ्या जित्राबाचं पोट तरी भरंल."

त्या संध्याकाळी ताहेराबी रान डोळे भरून बघायला गेली. बांधावर बसून तिनं सहज एक काडी मोडून चघळली, आणि ती थबकलीच. पानं वाळून कडकडीत झालेली, पण काडी चांगली गोड लागत होती! तिनं दुसरी मोडली, तिसरी मोडली. मग ती वरच्या मुरमाड पट्टीकडं गेली. तिथला गहू आधीच वाळून पिवळा पडला होता. तिथली काडी चघळली तर भुसा. पण ओंबी चोळली तर तळहातावर टणक दाणे आले. बारीक होते, पण भरलेले होते.

ती तशीच मूठ मिटून घरी आली.

"हे बघा. काडीतली गोडी दाण्यात गेली. खालच्या गव्हाच्या काडीत ती अजून हाय. पाणी नसलं तरी तो दाणा भरणार. थोडं थांबा."

पाशामियाँनं दाणे दाताखाली फोडून बघितले. मग म्हणाला, "तुझं खरं असंल. पण म्या जबान दिलीय. भुकेल्या मेंढरांच्या तोंडातनं घास काढू व्हय?"

सकाळी कळप आला तेव्हा ताहेराबी बांधावर उभी होती. तिनं बिराप्पाला सगळं सांगितलं, काडी चघळायला दिली, मुरमाडातले दाणे दाखवले. बिराप्पानं काडी चघळली आणि मान खाली घातली. मागं मेंढरं ओरडत होती. त्यांच्या बरगड्या मोजता आल्या असत्या.

"भाबी, समजलं मला. पर ह्यांनी काय खावं?"

तेवढ्यात हरणाबाई पुढं आली. पदराखाली तान्हं पीत होतं आणि तिची स्वतःची गळ्याची हाडं वर आली होती.

"वळवा मेंढरं," ती नवऱ्याला म्हणाली. "जे आपलं अंग झिजवून दाणा पोसतंय त्याच्यावर दात न्हाय लावायचा."

बिराप्पानं काठी आडवी धरली आणि कळप फिरवला. पाशामियाँ लांबून बघत होता. त्यानं धावत जाऊन बिराप्पाला मिठी मारली.

पुढं सगळं रान वाळल्या गवतासारखं पिवळं पडलं. एक हिरवं पान उरलं नाही. ताहेराबी रोज काड्या चघळून बघायची. आधी खालची पेरं बेचव झाली, मग वरची. चीक घट्ट झाला, दाणा बनला. रास नेहमीच्या निम्मीही झाली नाही, पण दाणा अस्सल, तांबूस, खणखणीत. बाकीच्यांच्या रानात बियाण्यापुरताही गहू राहिला नव्हता.

मळणी झाल्यावर सगळं काड बिराप्पाच्या कळपाला दिलं. मेंढरांनी ते खाल्लं, पण त्यात जीव नव्हता. बिराप्पा मेंढरं घेऊन कर्नाटकाकडं चालू लागला. ताहेराबीनं हरणाबाईच्या ओटीत गहू घातला, आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. वाटेत बरीच मेंढरं गेली, असं पुढं कानावर आलं. ताहेराबीला त्या उन्हाळ्यात घास गोड लागला नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती रोज वाटेकडं बघत राहिली. एक दिवस दुपारी घुंगरांचा आवाज आला. कळप अर्धाच होता. हरणाबाईच्या बोटाला धरून पोर पावलं टाकत होतं. भोवतीच्या साऱ्या शिवारात त्या वर्षी पाशामियाँच्याच बियाण्याचा गहू हिरवागार डोलत होता.

"तुमची मेंढरं गेली ना, हरणाबाई," ताहेराबी म्हणाली.

"गेली. पर पोर वाचलं. तुमच्या गव्हाची पेज पाजली म्या त्याला."

तिनं पोराला ताहेराबीच्या मांडीवर ठेवलं आणि कळपासाठी पाणी शेंदायला निघून गेली.