सोंग नव्हे

"पडलास ते आठवतंय का रे?" सदाच्या डोक्यावरचं रक्त पुसत नीराबाईनं विचारलं.

"पोफळीला हात घातला, तवढं ठावं हाय. मंग एकदम हिचंच तोंड दिसलं." सदानं बायकोकडं, केसरकडं बोट केलं.

"दोनदा ओकले हे," केसर म्हणाली.

"आधीपासनं डोकं दुखायचं?"

"अर्धशिशी हाय जुनी."

 नीराबाई दवाखान्यातली आया. पट्ट्या धुणं, फरशी पुसणं तिचं काम. नव्या डॉक्टरांनी तीन टाके घातले. "हाड शाबूत आहे. किरकोळ मार. आठ दिवस विश्रांती घे, मग खुशाल चढ."

सदा दिवेआगरच्या वाड्यांत सुपारी उतरवायचा. शेंड्याला झोका देऊन एका पोफळीवरून दुसरीवर जायचा. मध्ये खाली उतरणं त्याला कमीपणाचं वाटे.

बाहेर पडवीत नीराबाईनं केसरला थांबवलं. "आठ दिवसांनी न्हाय भागायचं. उजेड सोसणार न्हाय, चिडचिड करील, इसरेल. तीन म्हैने झाडाखाली फिरकू देऊ नको."

"डाक्टर आठ दिवस सांगतात, नि तुमी तीन म्हैने?" केसर फणकारली आणि निघून गेली.

बाराव्या दिवशी ती एकटीच आली.

"दार लावून अंधारात बसतात. पोरीच्या हातनं तांब्या पडला, तर अंगावर धावून गेले तिच्या. लोक म्हणतात, सोंग करतोय. वाडीवाल्यानं सांगितलंय, उद्या आला न्हाय तर दुसरा गडी बघतो." तिचा आवाज खाली आला. "मलापन वाटाया लागलंय, नीराबाय. धाडू का उद्या?"

नीराबाईच्या हातात ओली पट्टी होती.

"माझ्या घरधन्याला होडीवर शिडाची काठी लागली. एवढीशी खोक. असाच उजेडाला भ्यायचा. दहाव्या दिवशी मीच बोलले, बायकांवानी घरात किती बसनार? गेला. चक्कर आली नि पाण्यात पडला, असं संगतीचे सांगतात."

अठरा वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून डोक्याला लागलेला जो येईल त्याला ती तेच प्रश्न विचारायची, आणि कोण बरा झाला, कोण अधू राहिला, ते मनात ठेवायची.  केसर पदरानं तोंड पुसून उठली. दुसऱ्या दिवशी सदा कामाला गेला नाही.

पुढच्या हंगामात नीराबाई दिवेआगरला गेली होती. वाडीत पोफळीच्या शेंड्यावर कुणी परका गडी झोके घेत होता. खाली बायका सुपारी सोलत बसल्या होत्या. त्यांच्यात, डोळ्यांवर पंचा ओढून, सदा. तीन महिन्यांचा अंदाज तेवढा चुकला होता.

वरून घोस पडला की त्या आवाजानं त्याचे खांदे आवळत. शेजारी बसलेली केसर आपली टोपली त्याच्याकडं सरकवायची. तो एकेक सुपारी चाचपून उचलायचा आणि हळूहळू, नीट सोलायचा.